ट्रॅक्टरच्या वायरी कोणी वाचवल्या

ढोकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, हंगामात जिथे उसाच्या ट्रॉल्या रांगेने उभ्या राहतात, तिथल्या चहाच्या हॉटेलात माझ्या धाकट्या चुलत भावाची एक गोष्ट सांगितली जाते. ती तो स्वतः सांगतो आणि तो हजर नसला तर इतर लोक तितक्याच उत्साहाने सांगतात. गोष्ट अशी की, आमच्या वस्तीवर दर वर्षी हंगामाच्या तोंडावर उंदीर ट्रॅक्टरच्या वायरी आणि रबरी नळ्या कुरतडून टाकीत. कोणालाही कारण उमगत नव्हते. मग एका सकाळी माझ्या चुलत भावाने बॉनेट उचलले, आत एकदा नजर टाकली, हसला आणि एका वाक्यात कारण सांगून मोकळा झाला. तेव्हापासून वस्तीवरच्या एकाही ट्रॅक्टरची वायर उंदराने तोडलेली नाही.

या गोष्टीतले जवळजवळ प्रत्येक विधान चुकीचे आहे. बॉनेट मी उचलले होते. आत नजर मी टाकली होती. कारण मला त्याच्या आधी कळले होते. आणि त्यानंतर वायरी शाबूत राहिल्या त्या त्याच्या वाक्यामुळे नव्हेत, तर मी पुढे कित्येक महिने जे काम केले त्यामुळे. तो हसला, एवढे मात्र खरे आहे. हसण्याचे श्रेय मी त्याच्याकडून काढून घेऊ इच्छित नाही.

हॉटेलात माझे नाव घेतले जावे म्हणून मी हे लिहितो आहे का, असे कोणी विचारील. होय, घेतले जावे. पण त्याहून अधिक जवळची एक बाब आहे. आमचा ट्रॅक्टर माझा मुलगा चालवतो. ट्रॅक्टरने काही कुरबूर केली की तो बॉनेट उचलतो आणि हाक मारतो, "काका, ओ काका!" मी पंधरा पावलांवर ओट्यावर बसलेलो असतो. आयुष्यभर मी कारखान्याला ऊस वाहिला. या परिसरात ट्रॅक्टर मोजके होते तेव्हापासून मी त्यांच्या पोटात हात घातले आहेत. तरी ती हाक माझ्या डोक्यावरून भिंतीपलीकडे जाते. ती हाक माझी आहे आणि ती मला परत हवी आहे.

माझे आणि चुलत भावाचे घर एका भिंतीने जोडलेले आहे. अंगण एकच. पत्र्याचे शेड त्याच्या बाजूला आहे, कारण वाटणीच्या वेळी त्याने ती बाजू मागितली आणि मी दिली. हे कोणी लक्षात ठेवलेले नाही. त्याच्यात असे काय आहे, याचा मी बराच विचार केला आहे. तो माझ्याहून दिसायला बरा नाही. यंत्रातले त्याला माझ्या निम्मेही कळत नाही. पण तो कोणाच्याही खांद्यावर हात ठेवून बोलतो आणि ज्याच्या खांद्यावर हात ठेवतो, त्याला वाटते की आपण आज शहाणे झालो. वस्तीवरची कुत्री माझी भाकरी खातात आणि त्याच्या मागे फिरतात. माझी पत्नी शेंगदाण्याची चटणी कुटते तेव्हा पहिली वाटी त्याच्या घरी जाते. "भावजींना लई आवडती," असे वर मला सांगते. मलाही आवडते, पण ते कोणी कोणाला सांगत नाही. माझा मुलगा तर त्याच्यासारखीच मान एका बाजूला झुकवून इंजिनाचा आवाज ऐकायला शिकला आहे. ती सवय आमच्या घरातली नव्हे. मी मान सरळ ठेवून ऐकतो.

याला मत्सर म्हणतात, हे मला कोणी सांगायची गरज नाही. मराठी मला येते. पण ज्याचा मत्सर वाटतो त्याची बाजू त्यामुळे खरी ठरत नाही आणि ज्याला वाटतो त्याची खोटी ठरत नाही.

आता त्या सकाळची हकिकत.

आमच्या वस्तीवर खंडेनवमीला ट्रॅक्टरची ओटी भरण्याची रीत होती. इतर गावांत ट्रॅक्टरला हार घालतात, नारळ फोडतात, कुंकवाची बोटे ओढतात; तेवढ्यावर त्यांचे भागते. आमच्याकडे ट्रॅक्टर म्हणजे माहेरी आलेली लेक. ती लवकरच कारखान्याच्या वाटेला लागणार, तेव्हा तिला रिकाम्या हाताने पाठवायचे नाही. म्हणून खणात गहू, खोबऱ्याची वाटी, हळकुंड, सुपारी बांधून ती पुरचुंडी बॉनेटच्या आत, बॅटरीच्या शेजारी ठेवीत. पहिली खेप कारखान्यात उतरेपर्यंत ओटीला हात लावायचा नाही आणि तोवर त्या ट्रॅक्टरला दुसऱ्या कामालाही जुंपायचे नाही, असा दंडक होता. ही रीत माझ्या आईने सुरू केली. वस्तीवरच्या घरोघरी तीच ओटी भरायला जाई. तिच्या हाताने ओटी भरली की हंगाम सुखाचा जातो, अशी बायकांची श्रद्धा होती. आई त्या दिवशी ठेवणीतले इरकल नेसे आणि तिच्या चालण्यात एक वेगळाच रुबाब येई.

त्या वर्षी कारखाना सुरू झाला त्या दिवशी ट्रॉली पहाटेपासून भरून ठेवलेली होती. उजाडल्यावर आई पुन्हा इरकल नेसून आरतीचे ताट घेऊन आली. मुलगा नुकताच ट्रॅक्टर चालवायला लागला होता. कारखान्याला घेऊन जायची ही त्याची पहिलीच खेप. नवा सदरा घालून तो सीटवर बसला, त्याने चावी फिरवली आणि काहीही झाले नाही. पुन्हा फिरवली. त्याचा चेहरा उतरला. सगळी वस्ती पाहत होती.

मी पुढे झालो आणि बॉनेट उचलले. मी, हे मी पुन्हा लिहितो. स्टार्टरकडे जाणारी वायर तांबे दिसेपर्यंत सोललेली होती. डिझेलच्या रबरी नळीला दातांनी पाडलेले भोक होते आणि त्यातून थेंब पडत होता. वर, बॅटरीच्या शेजारी, खण फाटलेला होता. गहू सांडला होता, त्यात लेंड्या होत्या आणि खोबऱ्याच्या वाटीची कड दातांनी झिजून पातळ झाली होती. ओटीपासून वायरपर्यंत गव्हाच्या दाण्यांची माळच लागलेली होती. जेवायला आलेला पाहुणा हात धुतल्यावर सुपारी कातरून बघतो, तसे उंदीर खोबरे संपवून शेजारच्या रबराकडे वळले होते. सारे एका नजरेत कळले. ज्याला कळत नाही त्याला ते सांगावे लागते. मला सांगावे लागले नाही.

मग मी बोललो का नाही? हा प्रश्न कोणीही माझ्याविरुद्ध वापरील, म्हणून उत्तर नीट नोंदवून ठेवतो. माझ्या मागे आई उभी होती, हातात आरतीचे ताट आणि अंगावर इरकल. साऱ्या वस्तीसमोर, तिच्या हातच्या ओटीला उंदराचे आमिष म्हणायला माझी जीभ वळली नाही. मी बॉनेट अर्धे खाली घेतले आणि म्हणालो, "वायरमनला बोलवा."

तेवढ्यात कडुलिंबाची काडी चावत माझा चुलत भाऊ आला. माझ्या काखेखालून त्याने आत डोकावले. काडी तोंडातून काढली आणि मोठ्याने म्हणाला, "काकू, तुमी ट्रॅक्टरची वटी भरली का उंदराच्या सुनंची?"

सगळ्यांनी आईकडे पाहिले. मग आईच हसली. ताट हलून त्यातले निरांजन विझले, इतकी हसली. "आरं मेल्या! दाव बरं मला." तिने वाकून पाहिले. "खरंच की रं. खोबरं बी निवडून खाल्लंय मेल्यांनी. माझीच चुकी हाय बया. उचला, उचला ते, गाईला घाला."

आणि त्या दिवसापासून रीत बदलली. खंडेनवमीला ओटी भरायची, घटकाभर ठेवायची आणि दिवस मावळायच्या आत उचलून गाईपुढे ठेवायची. आईने स्वतः घरोघरी जाऊन तसे सांगितले, आणि सांगताना प्रत्येक घरी तिने सुनेचा तो विनोद सांगितला.

जे मी तिच्या मानासाठी गिळले, ते त्याने तिच्या तोंडावर फेकले आणि त्याबद्दल त्याला माया मिळाली. आई माझ्यावर प्रेम करीत होती, यात शंका नाही. पण माझ्या कोणत्याही बोलण्यावर ती कधी निरांजन विझेपर्यंत हसली नाही. सीटवरून खाली उतरलेला माझा मुलगा त्या वेळी चुलत्याकडे बघत होता. कसा बघत होता ते मला अजून दिसते.

लोकांच्या लेखी विषय तिथे संपला. वास्तविक तिथे तो सुरू झाला. ओटी गेली म्हणून उंदीर गेले नाहीत. उंदराला एकदा वाट कळली की तो खोबरे नसले तरी येतो. इंजिनाची ऊब, निवारा आणि दात घासायला रबर, एवढे त्याला पुरते. हे माझ्या चुलत भावाला माहीत नव्हते, कारण विनोद केल्यावर तो न्याहारीला निघून गेला होता. मी त्या दिवसानंतर शेडच्या भिंतीला टेकलेली कडब्याची गंज एकट्याने हलवून बांधावर नेली. भिंतीतली बिळे बाटल्यांच्या काचा घालून सिमेंटने बुजवली. ट्रॅक्टर उभा असेल तेव्हा दिवसा बॉनेट उघडे ठेवायचे, म्हणजे आत उजेड आणि वारा राहतो आणि उंदराला घर केल्यासारखे वाटत नाही, हा नियम केला. एक दिवसाआड इंजिन चालू करायचे, हा दुसरा. आणि सगळ्यांत महत्त्वाचे काम म्हणजे जाळी.

लोखंडी बारीक जाळीच्या पट्ट्या कापून वायरींवर आणि नळ्यांवर गुंडाळल्या की उंदराचा दात चालत नाही. हे आता सगळेच करतात. पण जाळीच्या आत सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून गुंडाळावी लागते, हे मी शोधून काढले. ट्रॅक्टरचे इंजिन थरथरते. उघडी जाळी त्या थरथरीबरोबर वायरीवर घासत राहते आणि जे काम उंदीर करणार होता तेच काम करवतीसारखे, सावकाश, स्वतःच करते. त्यात उंदरापेक्षा जाळी वाईट, कारण उंदीर निदान लेंड्या टाकून आपली ओळख मागे ठेवतो. मी आमच्या ट्रॅक्टरला, नंतर त्याच्या ट्रॅक्टरला आणि मग वस्तीवर ज्याने मागितले त्याच्या ट्रॅक्टरला अशी जाळी बांधून दिली. लोकांनी "बरं झालं" म्हटले आणि हॉटेलात जाऊन सुनेचा विनोद सांगितला.

माझ्या पत्नीचे म्हणणे तिसरेच आहे. "तुमी दोघांनी बी काय केलं न्हाय," असे ती म्हणते. "त्या साली शेडमधी मांजर व्याली हुती. चार पिल्लं. त्येंनी खाल्ले उंदीर." या मतावर मी भाष्य करीत नाही. मांजर व्याली होती हे खरे. पण मांजराने सिमेंट कालवले नव्हते.

यंदाच्या पावसाळ्यात मुलाने नवा ट्रॅक्टर घेतला. आमच्या ओसरीला लागून जागा आहे, मी तिथे पत्रे टाकायला तयार होतो. पण तो चुलत्याच्या शेडमध्ये लावायचे ठरले. "काकांच्या शेडला दार हाय, आबा," मुलगा म्हणाला. त्या दाराला बिजागऱ्या मी बसवल्या आहेत. पण ते असो. काही दिवसांनी पाहतो तर माझा चुलत भाऊ नव्या ट्रॅक्टरवर वाकून जाळी गुंडाळतो आहे आणि मुलगा त्याला पक्कड देतो आहे. दोघे काही तरी बोलून हसत होते. मी ओट्यावर वर्तमानपत्र उघडून बसलो होतो. त्यातले त्या दिवशीचे काही मी वाचले नाही.

संध्याकाळी मुलगा हात धुवायला आला तेव्हा मी विचारले, "खाली ट्यूब घातली का?"

"काकांनी केलंय आबा. बसलंय नीट."

"ट्यूब घातली का, असं विचारलं मी."

"कडक बांधलंय वो. उंदराचा बाप बी जायचा न्हाय आत." वाक्य चुलत्याचे होते, स्वर चुलत्याचा होता. तोंड फक्त माझ्या मुलाचे होते.

मी विचारायचे ते विचारले होते. एकदा विचारणे हे बापाचे काम. दुसऱ्यांदा विचारले तर ती विनवणी होते आणि माझ्या घरात, माझ्या मुलापुढे, त्या माणसाच्या कामाविषयी मी विनवणी करणार नव्हतो.

दसरा झाला. हंगाम सुरू होण्याआधी एकदा मुलाबरोबर मी त्या हॉटेलात गेलो. चुलत भाऊ बाकावर बसून चार-सहा ट्रॅक्टरवाल्यांना तीच गोष्ट सांगत होता. "...म्या आपलं बॉनेट उचललं..." इथपर्यंत तो आला आणि मी म्हणालो, "बॉनेट मी उचललं होतं."

सगळे वळले. मी उभ्यानेच सारे सांगितले: खण, गव्हाची माळ, खोबऱ्याची कड, आईच्या हातातले ताट आणि मी का बोललो नाही ते. इतक्या वर्षांत प्रथमच सांगत होतो, तरी एकही शब्द अडखळला नाही. तो वाद घालील, अशी माझी खात्री होती. वादाची मी तयारी केली होती. पुरावे होते.

माझ्या चुलत भावाने कपातला चहा संपवला आणि म्हणाला, "व्हय. दादाचंच हाय ते. म्या निस्तं बोललो. जाळीचं बी दादाचंच डोस्कं हाय. आमी काय, तोंडाळ माणसं."

हॉटेलात एक कौतुकाचा हुंकार उठला. "काय दिलदार माणूस हाय!" एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, "लोकं दुसऱ्याचं आपल्या नावावर लावत्यात. ह्यो बघा, आपलं काढून देतोय." हॉटेलवाल्याने त्याला दुसरा चहा दिला. मला कोणी बसायलाही सांगितले नाही, कारण सगळे त्याच्या मोठ्या मनाकडे बघण्यात गुंतले होते.

ज्या श्रेयासाठी मी इतकी वर्षे जळत होतो, ते त्याने उष्टा कप ठेवावा तसे बाकावर ठेवले आणि ते ठेवण्याचे नवे श्रेय उचलून घेतले. तो लबाडीने वागला, असे मला म्हणता येत नाही, हीच खरी अडचण आहे. तो मनापासून बोलला. त्याला ते श्रेय कधी महत्त्वाचे वाटलेच नव्हते. मला उपाशी ठेवून तो जे जेवत होता, त्याची त्याला भूकही नव्हती.

परत येताना मुलगा मोटारसायकल चालवत होता. मी मागे. अर्धा रस्ता मागे पडला. मग तो मान किंचित वळवून म्हणाला, "आबा, आईआजीसाठी गप ऱ्हायला व्हय तुमी?"

"हो."

"मला कधी बोलला न्हाईत."

"तू कधी विचारलं नाहीस."

त्याने वेग वाढवला. वारा होता. त्याचा चेहरा मला दिसत नव्हता आणि मी आरशात डोकावलो नाही. घराजवळ आल्यावर मात्र तो म्हणाला, "काका बी किती सरळ हायत, न्हाय?" आणि मी सायकलीवर असतो तर त्या क्षणी उतरून चालू लागलो असतो.

कारखाना सुरू झाला. नव्या ट्रॅक्टरच्या चार-पाच खेपा सुरळीत झाल्या. मग एका सकाळी मी ओट्यावर दाढी करीत असताना शेडमध्ये इंजिनाने आचका दिला आणि बंद पडले. पाठोपाठ रबर जळाल्याचा वास आला. चुलत भाऊ धावत गेल्याची चाहूल लागली. वस्तीवरचे दोघे-तिघे दारात जमले. "उंदरं आली वाटतं परत," कोणी तरी म्हणाले. "जाळी असताना?" दुसऱ्याने विचारले. चुलत भावाचा आवाज आला, "दम, दम, बघू द्या मला." मग पक्कड खाली पडल्याचा आवाज.

मी वस्तरा थांबवला नाही. गालावरचा साबण नीट काढला. मला ठाऊक होते काय झाले असेल ते: जाळीची धार वायरीत उतरली, तांबे लोखंडाला टेकले आणि ठिणगी पडली. ओट्यावर बसल्या बसल्या मी कोणती वायर तेही सांगितले असते. पण बिनबोलावता त्या शेडमध्ये पाय ठेवायचा नाही, हे मी ठरवले होते. जळालेल्या वासाबरोबर ते ठरवणे जड होत चालले होते. ट्रॉली भरलेली होती. मुलाची खेप चुकणार होती. तरी मी बसून राहिलो आणि कान शेडकडे लावला.

"आबा!"

मी ऐकले. हलू नये म्हणून मी हातातला आरसा घट्ट धरला. चुकून मारली असेल.

"आबा, ओ आबा! या बरं जरा हिकडं!"

मी तोंड पुसले, चष्मा लावला आणि अंगण ओलांडले. दारातली माणसे बाजूला झाली. बॉनेट उघडे होते आणि माझा चुलत भाऊ बॅटरीवर वाकून उभा होता, बोटे काळी, चेहरा कावराबावरा. त्याने वर पाहिले आणि हसण्याचा प्रयत्न केला. "दादा, उंदराची एक लेंडी बी न्हाय वो इथं. मग खाल्लं कुणी?" मुलगा त्याच्याकडे बघत नव्हता. तो माझ्या हातांकडे बघत होता.

"सरक," मी म्हणालो.

तो सरकला.